पास, नापास आणि पासंग

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. बी. ए.च्या पहिल्या वर्षाचा माझा तास चालू होता. विषय होता मराठीतले परभाषी शब्द. या विषयाला मुले जांभया देतात हा जुना अनुभव, म्हणून मी आधी त्यांनाच कामाला लावले. फळ्यावर दोन रकाने आखले, एक मराठीचा आणि एक इंग्रजीचा, आणि म्हटले, "मी शब्द सांगतो. तो कुठे घालायचा ते तुम्ही सांगा." टेबल, पेन्सिल, स्टेशन, हॉटेल ही मंडळी भराभर इंग्रजीच्या रकान्यात गेली. मग मी विचारले, "फेल?"

"इंग्रजी!" वर्ग एका सुरात ओरडला.

"आणि नापास?"

"मराठी!" हाही सूर तितकाच ठाम. मागच्या बाकावरचा एक मुलगा तर म्हणाला, "सर, तो तर आमच्या घरचाच शब्द आहे."

सगळे हसले. मीही हसलो. तो पोरगा थट्टेने बोलला खरा, पण माझ्या बाबतीत त्याचे बोलणे अक्षरशः खरे होते. आमच्या घरात एक सोडून दोन नापास निघाले, आणि त्यांतला एक त्या घटकेला हातात खडू घेऊन फळ्यापुढे उभा होता. ती हकीकत पुढे सांगणार आहे. पण मी पडलो भाषेचा मास्तर. तेव्हा आधी शब्दाची कुळकथा आणि मग घरची.

पावलाचा शब्द

'पास' हा शब्द इंग्रजीत आला फ्रेंचमधून आणि फ्रेंचमध्ये उतरला लॅटिनमधून. लॅटिनमध्ये 'पास्सुस' म्हणजे पाऊल, चालताना पडणारे अंतर. रोमन शिपायाचा एक पाय उचलला गेल्यापासून तोच पाय पुन्हा जमिनीला टेकेपर्यंतचे अंतर म्हणजे एक पास्सुस. आपल्या मापाने सुमारे पाच फूट. असे हजार झाले की 'मिल्ले पास्सुस'. त्यातल्या हजारवाचक 'मिल्ले'चा इंग्रजांनी 'माइल' केला आणि आपण त्याचा 'मैल' केला. रस्त्यावरचे मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे दगड आले त्याला कैक वर्षे लोटली, तरी सत्कारसमारंभातल्या भाषणांतून 'मैलाचा दगड' काही हलत नाही. त्या दगडाखाली हजार पावले दडलेली आहेत हे मात्र फारसे कुणाच्या ध्यानी येत नाही.

तेव्हा पाऊल टाकणे, पुढे जाणे, ओलांडणे हा या क्रियापदाचा मूळ अर्थ. आता त्याचा गोतावळा पाहा. ज्यातून जायचे तो 'पॅसेज'. जाणारा तो 'पॅसेंजर'. यातला मधला 'न' मुळात नव्हता, तो इंग्रजांनी मागाहून घुसडला. निरोप म्हणजे 'मेसेज' नेणाऱ्याचा 'मेसेंजर' झाला तो असाच. देशाच्या वेशीतून जाऊ देणारा कागद 'पासपोर्ट'. त्याला आपल्याकडे 'पारपत्र' असा नामी शब्द कोणी घडवला, पण तो सरकारी कागदातच राहिला. निघून गेलेला काळ तो 'पास्ट'. वेळ जावा म्हणून करायचे ते 'पास्टाइम'. हीच जोडी उलटी फिरवल्यासारखा आपला 'टाइमपास', जो भुईमुगाच्या शेंगांपासून प्रेमप्रकरणांपर्यंत कुठेही चालतो. दुसऱ्याच्या रानात न विचारता पाऊल घालणे तो 'ट्रेसपास'. माणूस मेला की इंग्रज 'पास्ड अवे' म्हणतो आणि आपण 'गेले' म्हणतो. दोन्हीकडे कल्पना चालण्याचीच आहे.

मात्र नुसत्या नादाला भुलू नये. वाईहून पाचगणीला चढणाऱ्या पसरणीच्या घाटाचे नाव इंग्रजी 'पास'वरून आले, कारण इंग्रजीत खिंडीला 'पास' म्हणतात, असा शोध एका विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत लावला होता. घाटाच्या पायथ्याशी पसरणी नावाचे गाव आहे हे बिचाऱ्याला कुणी सांगितले नसावे. 'जवळपास', 'आसपास', 'पाशी', 'पासून' यांतला 'पास'ही निराळा. तो संस्कृत 'पार्श्व' म्हणजे बाजू, कूस यावरून आलेला. गळ्यात पडणारा 'पाश' आणखी निराळा. इंग्रजीतसुद्धा 'पॅशन', 'पॅसिव्ह', 'पेशंट' ही मंडळी या घरातली नव्हेत. 'सोसणे' या अर्थाच्या एका वेगळ्याच लॅटिन धातूची ती लेकरे. आणि आपला 'पासंग' तर फारसी. त्याच्याकडे मला मुद्दाम यायचे आहे.

'करणे' आणि 'होणे'

इंग्रजी क्रियापद मराठीत आले की त्याची एक मोठी मौज होते. ते क्रियापद राहतच नाही. 'मी पासतो, तू पासतोस' असे कुणी म्हणत नाही. 'पास होतो' म्हणतात, 'पास करतो' म्हणतात. चेक, फोन, बुक, डिलीट, कुणीही पाहुणा येवो, त्याच्या मागे 'करणे' आणि 'होणे' हे आपले दोन घरगडी उभे करावे लागतात.

फारसी-अरबी शब्दांच्या बाबतीत मराठी इतकी अंग चोरून वागली नव्हती. 'बदल'वरून आपण 'बदलणे' केले, 'खर्च'वरून 'खर्चणे'; 'फर्मावणे', 'आजमावणे' हेही तसेच. आणि गंमत म्हणजे फारसीत 'जाणे, सरणे' या अर्थाचे जे क्रियापद आहे, तेही आपण पुरते पचवून 'गुजरणे' केले. 'कठीण प्रसंग गुजरला' असे म्हणताना आपण फारसीतला 'पास'च मराठी प्रत्यय लावून चालवत असतो. इंग्रजीतल्या 'पास'ला मात्र तो मान मिळाला नाही.

याचा परिणाम काय झाला? चालण्याचा शब्द असण्याचा झाला. इंग्रजीत माणूस परीक्षा ओलांडतो. ती त्याने केलेली एक क्रिया. मराठीत तो पास 'होतो', जसा मोठा होतो, आजारी होतो किंवा कलेक्टर होतो. पुढे ते 'होणे'ही गळून पडते. 'मुलगी बारावी पास आहे.' 'शिपाई पाहिजे, सातवी पास.' शब्द विशेषण बनून माणसाच्या नावाला चिकटून बसतो.

आता नकाराकडे पाहा. 'फेल' शब्द तयार असतानाही मराठीने 'नापास' घडवला. 'ना' हा नकार फारसी वळणाचा. नाराज, नालायक, नामंजूर, नापसंत यांतला. त्याच्यापुढे लॅटिनचा वारस असलेला इंग्रजी 'पास', आणि शेवटी अस्सल मराठी 'होणे'. तीन भाषांनी मिळून एक गरीब पोरगे घरी पाठवायचे! सांधा इतका बेमालूम बसला, की माझ्या वर्गातल्या साऱ्या मुलांना तो शब्द जन्मजात मराठी वाटला.

हा 'ना' आपल्या शब्दांनाही लागतो. 'नापीक' हे त्याचे उदाहरण. सांगली जिल्ह्यात कृष्णाकाठच्या भागात उसाला वर्षानुवर्षे बेसुमार पाणी दिले, खालचे क्षार वर आले आणि सोन्यासारख्या काळ्या जमिनी क्षारपड होऊन बसल्या. लोक त्यांना नापीक म्हणू लागले. पण त्याच भागातल्या शेतकऱ्यांनी जमिनीखाली भोके पाडलेल्या नळ्या पुरल्या, साचलेल्या पाण्याचा निचरा केला, आणि क्षार धुऊन गेल्यावर कित्येक रानांत पुन्हा ऊस उभा राहिला. म्हणजे जमिनीला लागलेला 'ना' काढता येतो हे आमच्याकडे शेतकऱ्याला ठाऊक आहे. माणसाला लागलेल्या 'ना'चे काय, हा खरा प्रश्न आहे.

साताऱ्याहून सांगलीस

माझी नोकरी साताऱ्यास, घर सांगलीस. महिन्यातून दोनदा तरी शनिवारी एस. टी. धरतो. सव्वाशे किलोमीटरांच्या आतबाहेरचा हा प्रवास म्हणजे 'पास'च्या मराठी संसाराचे प्रदर्शनच आहे.

गाडीत चढताच कंडक्टर पोरांना विचारतो, "पास?" १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावली. त्यानंतर खेड्यातल्या मुलांना तालुक्याच्या शाळा-कॉलेजांपर्यंत जर कुणी पोचवले असेल तर ते या सवलतीच्या पासाने. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत हा पास अहिल्याबाई होळकरांच्या नावाच्या योजनेतून फुकट मिळतो. पोरांच्या खिशात एकच 'पास' निश्चित असतो, तो हा.

स्टँडाबाहेर वडापच्या जीपा उभ्या असतात. ड्रायव्हर ओरडतो, "एक पाशिंजर, एकच पाशिंजर!" आणि मग एकाच्या जागी तीन कोंबतो. हा पाशिंजर पुल्लिंगी. पण मिरजेच्या स्टेशनावर विचारा. तिथे 'पॅसेंजर लेट आली'. माणूस असेल तर 'तो', आणि गाडी असेल तर, गाडी हा शब्द स्त्रीलिंगी म्हणून, 'ती'. 'बायपास'चेही असेच. गावाबाहेरून जाणारा रस्ता असेल तर 'बायपास आला', आणि काळजावरची शस्त्रक्रिया असेल तर 'आबांची बायपास झाली'. कुठल्याही व्याकरणकाराने हा नियम खेडुतांना शिकवलेला नाही. भाषा आपल्या घरच्या हिशेबाने पाहुण्याचे लिंग ठरवते आणि सहसा चुकत नाही.

खिडकीतून दिसणाऱ्या गाड्यांचे 'पासिंग' हा तर आमच्याकडे अभिमानाचा विषय. एमएच ११ म्हणजे सातारा, एमएच १० म्हणजे सांगली, आणि मधल्या कराडकरांना स्वतंत्र एमएच ५० मिळाल्यापासून त्यांची मान आणखी ताठ झालेली. "गाडी कुठली पासिंग?" या प्रश्नात माणसाचे गाव, पाहुणेरावळे, सगळे आले. बँकेत लोन पास होते, ग्रामसभेत ठराव पास होतो. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवराचा खेळ ज्या गावात केला त्या आमच्या सांगलीत तर नाटकाच्या फुकट पासाची परंपरा जुनीच समजायची. पासवाला नेहमी पुढच्या रांगेत आणि तिकीटवाला त्याच्या डोक्याआडून नाटक पाहतो. अलीकडे मुले "मी २०१५ चा पासआउट" असे सांगतात. इंग्रजाच्या कानी पडले तर त्याला वाटेल, हा बिचारा दहा वर्षे बेशुद्ध आहे!

काठावर

पण एवढ्या साऱ्या 'पासां'त मराठी माणसाच्या काळजात घर करून बसला तो एकच, परीक्षेचा. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघाले. त्याची पहिली मॅट्रिकची परीक्षा १८५९ मध्ये झाली. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले: महादेव गोविंद रानडे, रामकृष्ण गोपाळ भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे. त्या चौघांच्या मागोमाग 'पास' हा शब्द घराघरांत शिरला तो आजतागायत.

त्याच्याभोवती आपण केवढी भाषा उभी केली! कुणी 'काठावर पास' होतो, कुणी 'ढकलपास'. कुणाचा विषय 'राहतो', कुणाचा 'उडतो'. कुणी गटांगळी खातो. मार्चमध्ये हुकलेल्याला पूर्वी 'ऑक्टोबरची वारी' घडत असे. शाळा सुटलेला 'सतरा नंबरचा फॉर्म' भरतो. कॉलेजातल्याला 'एटीकेटी' लागते, जणू एखादी साथच.

यातल्या 'काठावर'कडे मला लक्ष वेधायचे आहे. पास होण्याला आपला जुना शब्द 'उत्तीर्ण'. तो 'तॄ' या धातूपासून झालेला. तरणे, तारणे, तीर, तीर्थ हे सारे याच धातूचे. उत्तीर्ण म्हणजे पाणी तरून बाहेर आलेला. इंग्रजी 'पास'मध्ये कोरड्या जमिनीवरचे पाऊल आहे, तर आपल्या 'उत्तीर्ण'मध्ये नदी आहे. म्हणून 'काठावर पास' मला फार अर्थपूर्ण वाटतो. जेमतेम का होईना, गडी पाण्याबाहेर आला! कृष्णाकाठच्या माणसाला याचे मोल समजावून सांगावे लागत नाही. आयर्विन पुलापाशी पाणी किती फुटांवर आहे यावर पावसाळ्यात सांगलीची झोप अवलंबून असते. पंचेचाळीस फूट ही धोक्याची पातळी. २०१९ च्या ऑगस्टात ते सत्तावन्न फुटांवर गेले. त्या दिवसांत जो काठाला लागला त्याला 'किती मार्कांनी?' असे कुणी विचारले नाही.

आमच्या घरचे दोन नापास

आता घरची हकीकत. आमचे वडील, त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू, सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर तोलाईचे काम करीत. शिक्षण चौथी. आई शाळेत गेलीच नव्हती. माझ्याहून पाच वर्षांनी मोठी अक्का घरात पहिली दहावीपर्यंत पोचली.

१९८९ च्या जूनमध्ये निकाल लागला. त्या वेळी निकाल वर्तमानपत्रात नंबरांनी छापून येई. शेजारच्या दुकानदाराच्या पेपरात अक्काने बोट फिरवत फिरवत नंबर शोधला. तिच्या अलीकडचा होता, पलीकडचा होता, तिचा नव्हता. पेपर चुकला असेल म्हणून तिने दुसऱ्या दुकानातला पेपर पाहिला. पुढे गुणपत्रिका आली. गणितात एकतीस. बाकीच्या विषयांत चांगले गुण, मराठीत तर बहात्तर. चार गुणांचा प्रश्न होता. ऑक्टोबरला बसता आले असते. पण चुलते म्हणाले, "पोरीच्या जातीला दुसऱ्यांदा फी कशापायी?" अण्णा गप्प राहिले. त्याच माघात तासगावकडचे स्थळ आले आणि अक्का सासरी गेली. स्थळाकडे गेलेल्या चिठ्ठीत लिहिले होते, 'शिक्षण: दहावी नापास'. मराठीतले बहात्तर गुण त्या चिठ्ठीत कुणी लिहिले नाहीत.

१९९४ साली मी दहावीला बसलो आणि मीही गेलो. इंग्रजीत एकोणतीस. म्हणजे अक्कापेक्षा दोन गुण कमीच. घर तेच, माणसे तीच. पण या खेपेस तेच चुलते म्हणाले, "पोरगा हाय, बसू द्या की ऑक्टोबरला." फी भरली, इंग्रजीचा क्लास लावला. त्या क्लासच्या फीतले शंभर रुपये अक्काने द्राक्षबागेतल्या आपल्या मजुरीतून आईकडे पाठवले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी कळले.

निकालाच्या आदल्या आठवड्यापर्यंत मी पास काढून एस. टी.ने मामाच्या गावी ये-जा करत होतो. निकालानंतर पहिल्यांदा गाडीत बसलो आणि कंडक्टरने सवयीने विचारले, "पास?" माझ्या तोंडून निघून गेले, "नाही, नापास." त्याला हसू आले. मला तिकीट फाडून देताना तो म्हणाला, "बस बस, गाडी काय थांबत नाही."

त्याच दिवशी संध्याकाळी अण्णा मला पेढीवर घेऊन गेले. हळदीच्या पोत्यांचा वास, धूळ, हमालांची लगबग. कोपऱ्यात एक जुनी तागडी टांगलेली होती. दोन्ही पारडी रिकामी, तरी एक बाजू जराशी खाली. अण्णा म्हणाले, "हिच्यात पासंग हाय, दिसतोय न्हवं? म्हणून काय तागडी गटारात टाकायची? खडा बांधायचा आन् तोलायला लागायचं." एवढेच बोलले. त्यांनी हलक्या पारड्याच्या दोरीला एक खडा बांधला, दांडी सरळ झाली, आणि ते कामाला लागले.

रिकाम्या तराजूतला हा फरक आणि तो काढायला बांधायचा दगड, दोहोंनाही 'पासंग' म्हणतात. फारसीत 'संग' म्हणजे दगड. 'त्याच्या पासंगालाही पुरणार नाही' ही आपली म्हण त्यातूनच आली. पुढे एम. ए.ला असताना हा शब्द कोशात भेटला तेव्हा मी ग्रंथालयात बराच वेळ तसाच बसून राहिलो. 'पास' आणि 'पासंग' यांचा काडीमात्र संबंध नाही हे मला भाषाशास्त्राने शिकवले. पण नापासाला औषध काय, हे मात्र अण्णांच्या पासंगानेच सांगितले होते. मला चार महिन्यांत खडा बांधून मिळाला. अक्काला तो कुणी बांधला नाही, अण्णांनीही नाही. म्हातारपणी ते हे बोलून दाखवीत आणि मग बराच वेळ गप्प बसत.

परीक्षेबाहेरची माणसे

मी परीक्षेच्या विरुद्ध नाही. दर वर्षी उत्तरपत्रिकांचे गठ्ठे तपासतो, आणि एकोणतीसाची लायकी असेल तिथे एकोणतीसच देतो. माझी तक्रार आहे ती शब्द कुठे चिकटवायचा याबद्दल. 'इंग्रजीत नापास' हे एका दुपारच्या तीन तासांचे वर्णन आहे. 'नापास मुलगा' हे माणसाचे वर्णन झाले, आणि ते करण्याचा अधिकार कुठल्याही मंडळाने कुणाला दिलेला नाही.

आमच्या या दोन जिल्ह्यांनी तर हे साऱ्या महाराष्ट्राला शिकवायला हवे. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढणारे कर्मवीर भाऊराव पाटील स्वतः मॅट्रिक झालेले नव्हते. त्यांच्या वसतिगृहांतून आणि 'कमवा व शिका' योजनेतून किती पदवीधर निघाले याची मोजदाद नाही. १९५९ साली, निधनाच्या थोडेच दिवस आधी, पुणे विद्यापीठाने त्यांना डी. लिट. दिली. वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचे अण्णा भाऊ साठे तर शाळेत गेले ते दीड दिवस. ते पासही नव्हते आणि नापासही. घरच्यांबरोबर वाटेगावाहून मुंबईपर्यंत ते पायी चालत गेले, आणि त्यांनी 'फकिरा' लिहिली. मैल न् मैल पावले टाकत जाणे हाच जर 'पास'चा मूळ अर्थ, तर तो या माणसाइतका कुणी पाळला?

सरकारलाही हा शब्द टोचू लागलेला दिसतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने आठवीपर्यंत कुणालाही मागे ठेवायचे नाही असे ठरवले. लोकांनी लगेच त्याला 'ढकलपास' म्हटले. २०१९ साली कायदा दुरुस्त होऊन पाचवी आणि आठवीला परीक्षा घेण्याची मुभा राज्यांना मिळाली. दहावीच्या गुणपत्रिकेवर 'नापास' न लिहिता 'कौशल्य विकासास पात्र' असा शेरा देण्याचीही पद्धत आपल्याकडे आली. हेतू चांगला आहे. पण कागदावरून शब्द खोडणे सोपे. जिभेवरून आणि डोक्यातून तो कोण खोडणार? नव्या शेऱ्याचा अर्थ शेजारणीला सांगताना आई शेवटी एकाच शब्दात सांगते.

भाऊबीज

अक्कासाठी सतरा नंबरचा फॉर्म मी दोनदा नेऊन दिला. तिने तो ट्रंकेत घडी करून ठेवला. "आता कुणाला दाखवायचंय?" म्हणाली. मी पुढे आग्रह केला नाही.

गेल्या भाऊबीजेला तिच्याकडे गेलो होतो. ओवाळून झाले, फराळ झाला, आणि तिने एक छापील कागद पुढे ठेवला. त्यांच्या बचत गटातल्या बायका शेवयांचे यंत्र घेणार होत्या; त्या कर्जाचा तो अर्ज. "तुझं अक्षर चांगलं, तूच भर," ती म्हणाली. मी नाव लिहिले, गाव लिहिले, वय लिहिले. पुढचा रकाना होता शिक्षणाचा. मी न विचारता, सवयीने, लिहू लागलो, 'दहावी ना'.

"थांब," अक्का म्हणाली. तिने चष्मा सारखा केला आणि कागदाकडे पाहिले. "नववी पास लिही की. मी नववी पास न्हाय का?"

मी मान वर करून तिच्याकडे पाहिले. तीस-पस्तीस वर्षांत हे ना मला सुचले होते, ना आणखी कुणाला. दोन्ही विधाने खरी, दोहोंचा पुरावा एकाच शाळेच्या दप्तरात. आणि मी, शब्दांवर पोट भरणारा माणूस, त्यातले नेमके नको ते लिहायला निघालो होतो.

खाडाखोड नको म्हणून तिच्याकडचा दुसरा कोरा अर्ज घेतला आणि त्यावर स्वच्छ अक्षरात 'नववी पास' असे लिहिले. तिने खाली सही केली. पूर्ण नाव, मराठीत, वळणदार.

महिन्याभराने तिचा फोन आला. यंत्र कुठले घ्यायचे, वीज किती लागते, असे बरेच बोलून झाल्यावर शेवटी म्हणाली, "अरे, सांगायचंच राहिलं. लोन पास झालं बघ आमचं."